घर ठरवण्याआधी बँकेत जा

पुण्यात पहिलं घर घेण्याचा क्रम साधारण ठरलेला असतो. पाडव्याला नाहीतर दसऱ्याला पेपरात पानभर जाहिरात येते. रविवारी रावेत, वाघोली किंवा धायरीच्या साइटवर चक्कर होते. सॅम्पल फ्लॅटमधला पांढरा सोफा आणि टेबलावरची प्लॅस्टिकची फळं बघून नवरा-बायकोचं नजरेनंच ठरतं. सेल्सवाला म्हणतो, "आजच्या आज केलंत तर फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, माफ," आणि एक लाखाचा चेक फाटतो. बँक आठवते ती त्यानंतर. तीन-चार आठवड्यांनी कळतं की हवं तेवढं कर्ज बसतच नाही. बुकिंगचे पैसे परत मागायला जावं, तर कालपर्यंत कॉफी पाजणारा माणूस फोन उचलत नाही.

हा क्रम उलटा करता येतो. घर ठरलेलं नसतानाही बँक तुमचे पगाराचे कागद पाहून किती कर्ज देऊ शकेल ते सांगते. त्याला प्री-अप्रूव्हल म्हणतात. ते काही काळापुरतंच असतं आणि पुढे घराचे कागद पसंत पडले तरच खरं ठरतं, पण साइटवर जाताना खिशात किती आहेत हे तरी पक्कं माहीत असतं. या पहिल्या भेटीत एक गोष्ट मनात घट्ट धरून बसायचं: मिळतं तेवढं कर्ज आणि झेपतं तेवढं कर्ज हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिला बँक काढते. दुसरा आपणच काढायचा, कारण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीची शाळेची फी किंवा सहा महिने प्रोजेक्टच न मिळणं यासाठी बँकेच्या फॉर्मात रकानाच नाही.

बँकेचा आकडा कसा निघतो

समोरच्या माणसाचे पहिले प्रश्न ठरलेले असतात. हातात पगार किती येतो, दुसरे हप्ते कोणते चालू आहेत, वय किती. हिशोब सरळ आहे. निव्वळ उत्पन्नातला काही हिस्सा, साधारण निम्मा, पगार मोठा असेल तर थोडा जास्त, हप्त्यांसाठी धरायचा. त्यातून चालू हप्ते वजा करायचे. उरलेल्या रकमेत किती कर्जाचा हप्ता बसतो ते पाहायचं.

समजा, हिंजवडीत नोकरी करणारं जोडपं आहे आणि दोघांचा मिळून १ लाख ३० हजार पगार हातात येतो. निम्मे म्हणजे ६५ हजार. व्याजदर रोज बदलतात म्हणून या लेखात, वेगळं सांगितलं नसेल तिथे, मी ८.५ टक्के धरतो. या दराने २० वर्षांसाठी एका लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे ६५ हजारांत जवळपास ७५ लाखांचं कर्ज बसलं. आता दाराशी गाडी उभी आहे आणि तिचा १२ हजारांचा हप्ता चालू आहे. राहिले ५३ हजार, आणि कर्ज उतरलं ६१ लाखांवर. बारा हजारांच्या गाडीने चौदा लाखांचं घर खाल्लं! गाडीचे थोडेच हप्ते उरले असतील तर ते फेडून मग बँकेत गेलेलं बरं. फोनच्या, फ्रिजच्या ईएमआयचंही तेच.

आयटीवाल्यांनी सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला धरते तो एकूण खर्च, सांगून उपयोग नसतो. बँक पगारपत्रकावरची पक्की रक्कम बघते. व्हेरिएबल आणि बोनस पूर्ण धरत नाही. धंदा करणाऱ्याला दोन-तीन वर्षांची आयकर रिटर्न्स द्यावी लागतात. टॅक्स वाचवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवण्याची हुशारी केली असेल, तर तिचं बिल इथे येतं. दुकानात गिऱ्हाइकांची रांग असली तरी बँकेला रिटर्नमधलाच आकडा दिसतो.

बायको-नवरा दोघांचं उत्पन्न धरायचं असेल तर दोघेही कर्जदार होतात, आणि घराच्या करारात ज्यांची नावं मालक म्हणून आहेत त्या सगळ्यांना बँक सहसा कर्जातही घेते. उलट मात्र आपोआप होत नाही. कर्जाला सही केली म्हणून कोणी मालक होत नाही. सासरे किंवा भाऊ "उत्पन्न वाढावं म्हणून" कर्जात येणार असतील तर हे आधीच घरात बोलून घ्यावं. नंतर बोलायला अवघड जातं.

आणि आपला आकडा

झेपेल का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी एक जुना पण चांगला उपाय आहे. येणारा हप्ता वजा आत्ताचं घरभाडं, एवढी रक्कम पाच-सहा महिने पगार झाल्या झाल्या आरडीत टाकायची. हप्ता ४८ हजार येणार असेल आणि भाडं २२ हजार असेल, तर २६ हजार. महिनाअखेरीला क्रेडिट कार्डाकडे हात जायला लागला, तर उत्तर मिळालं. नाही गेला, तर तेवढीच डाउन पेमेंटला भर.

बांधकाम चालू असलेलं घर घेणाऱ्यांनी दोन-तीन वर्षं भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही एकदम चालेल हे धरूनच हिशोब करावा. "पझेशन डिसेंबर" म्हणजे कोणत्या वर्षीचा डिसेंबर, हे महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाची पूर्णत्वाची तारीख बघून ताडून घ्या.

पदरचे किती लागतात

इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. कारण "८० टक्के लोन होतं" हे वाक्य कानावर असतं आणि लोक उरलेले २० टक्के जमवून मोकळे होतात.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के मिळू शकतात. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. शिवाय किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क धरलं जात नाही. ते खिशातूनच जातं.

वाकडला बांधकाम चालू असलेला ७० लाखांचा फ्लॅट घेऊ. ८० टक्क्यांनी कर्ज ५६ लाख, उरले १४ लाख. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत मुद्रांक शुल्क, स्थानिक आणि मेट्रोचा अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी शुल्क १ टक्का असलं तरी कमाल ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. बेरीज झाली २२ लाख ७० हजार. यात बँकेचं प्रोसेसिंग शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, गहाणाच्या कागदावरचं मुद्रांक शुल्क, बिल्डर आगाऊ घेतो तो मेंटेनन्स आणि फर्निचर अजून धरलेलंच नाही. १४ लाख जमवून निघालेला माणूस इथे पर्सनल लोन काढतो. ते पर्सनल लोन पुन्हा वरच्या हिशोबात हप्ता म्हणून बसतं आणि गृहकर्ज कमी करतं.

थोडं कमी करण्याचे रस्ते आहेत. खरेदीदार फक्त महिला असेल तर राज्यात निवासी घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. वरच्या उदाहरणात ७० हजार वाचले. करारात नवऱ्याचंही नाव घातलं की सवलत गेली. ताबा देण्यायोग्य, पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटी लागत नाही. ४५ लाखांपर्यंतच्या आणि ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ) असलेल्या घराला जीएसटी १ टक्काच आहे. मुंबईत ही मर्यादा ६० चौरस मीटर आहे, पुणे त्या महानगरांच्या यादीत नाही. या बाबतीत तरी पुणेकरांनी मुंबईशी बरोबरी मागू नये.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची. हा वेगळा खर्च नाही, किमतीतूनच कापायचा. पण विसरलात तर व्याज आणि दंड तुम्हाला.

आणि एक, जे साइट ऑफिसात सांगत नाहीत. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी २० टक्के भरा, मग ॲग्रीमेंट" असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा.

सिबिल

सिबिल ही पत नोंदवणाऱ्या चार कंपन्यांपैकी एक, पण आपल्याकडे तेच नाव पडलं आहे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. साडेसातशेच्या वर असेल तर दराबाबत बोलायला तोंड राहतं. वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो बँकेत जाण्याच्या दोन-तीन महिने आधी काढावा. बंद केलं असं आपल्याला वाटणारं आणि वार्षिक फीचे साडेपाचशे रुपये थकलेलं क्रेडिट कार्ड तिथे सापडतं. कधीतरी मित्राच्या कर्जाला जामीन राहिला होतात, तेही तिथेच दिसतं, आणि त्याने हप्ते चुकवले असतील तर फटका तुम्हालाही. दुरुस्तीला वेळ लागतो म्हणून आधी बघायचं.

कधीच कर्ज घेतलं नसेल तर घाबरू नका. इतिहास नाही एवढ्याच कारणाने पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. मात्र एकाच आठवड्यात सहा बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात उमटते.

व्याजदर: "आज किती?" हा अर्धाच प्रश्न

घरासाठी घेतलेली बहुतेक कर्जं बदलत्या दराची असतात. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना असे नवे दर बाहेरच्या मापदंडाला जोडावे लागतात. बहुतेकांनी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, धरला आहे. तुमचा दर म्हणजे रेपो अधिक बँकेचा स्प्रेड, म्हणजे बँक त्यावर लावते ते जादा टक्के. रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.७५ असेल तर तुम्हाला ८ टक्के. रेपो तुमच्या हातात नाही आणि बँकेच्याही नाही. म्हणून घासाघीस करायची ती स्प्रेडवर. "स्प्रेड किती, आणि तो पुढे कोणत्या कारणाने बदलेल?" असं विचारलं की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ होऊन बसतो.

पाव टक्का म्हणजे किती? ५० लाखांना २० वर्षांसाठी ८.५ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये. ८.२५ ने ४२,६०३. महिन्याला आठशे रुपयांच्या आतबाहेर, पण मुदतभरात जवळजवळ १ लाख ८९ हजार. कोथरूडमधून लक्ष्मी रोडला जाऊन साडीच्या किमतीत पन्नास रुपये कमी करणारे आपण, इथे मात्र छापील दरावर सही करून येतो. दुसऱ्या बँकेचं लेखी मंजुरीपत्र हातात असेल तर बोलणं सोपं जातं.

हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा बाहेरच्या मापदंडाचा नियम लागू नाही. त्या स्वतःचा मूळ दर ठरवतात. कागदांच्या बाबतीत त्या जरा सैल असतात, धंदेवाल्यांना लवकर कर्ज देतात, पण दर उतरताना त्यांचे पाय जड होतात. ज्याला बँक देते आहे त्याने बँकेचंच घ्यावं, असं माझं मत.

आता मुदतीबद्दल. ५० लाखांच्या त्याच कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले, म्हणजे ४३,३९१ मधले, ३५,४१७ रुपये व्याजात जातात. मुद्दल फिटतं ७,९७४. वीस वर्षांत व्याज होतं सुमारे ५४ लाख. मुदत ३० वर्षं केली तर हप्ता ३८,४४६ वर येतो, पाच हजारांचा दिलासा. व्याज मात्र ८८ लाखांच्या पुढे. "सर, टेन्युअर वाढवून देतो, ईएमआय हलका होईल" या प्रेमळ वाक्याची किंमत ३४ लाख आहे.

आणि दर वाढले तर? बँका सहसा हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात, त्यामुळे खात्यातून तेवढेच पैसे जातात आणि कोणाला काही कळत नाही. वरच्या कर्जाचा दर सुरुवातीलाच ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांची पावणेसव्वीस वर्षं होतात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा हे मोठ्या प्रमाणावर घडलं. त्याच्या थोडं आधी ७ टक्क्यांनी ५० लाख घेतलेल्याचा २० वर्षांचा हप्ता ३८,७६५ होता. दर ९.५ झाल्यावर महिन्याचं नुसतं व्याजच ३९,५८३. म्हणजे हप्ता भरूनही कर्ज वाढतंच. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम आणला. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला विचारायचं आणि स्थिर दरावर जाण्याचा पर्यायही द्यायचा. ऑक्टोबर २०२५ पासून मात्र हा स्थिर दराचा पर्याय देणं बँकेच्या मर्जीवर आहे. २०२५ मध्ये रेपो उतरून वर्षअखेरीला ५.२५ वर आला. तेव्हा मुदत परत कमी झाली का, हे किती जणांनी तपासलं असेल? बँकेचं ॲप उघडून उरलेले हप्ते मोजायला दोन मिनिटं लागतात.

याच कारणाने "मधेच जास्तीचे पैसे भरले तर?" हे पहिल्याच भेटीत विचारा. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. वर्षाला एक हप्ता जादा भरत गेलात तर २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. दिवाळी बोनसचं याहून चांगलं काही करता येतं का, मला तरी माहीत नाही. जादा भरताना "हप्ता नको, मुदत कमी करा" असं लेखी सांगायचं.

घराची परीक्षा

तुम्ही पास झालात, आता घर. बँक दोन तपासण्या करते. वकील कागद बघतो, त्याला लीगल म्हणतात. व्हॅल्युअर जागेवर जाऊन येतो, तो टेक्निकल. ही तपासणी बँक स्वतःचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून करते. खर्च सहसा तुमचा आणि अहवाल सहसा तुम्हाला मिळत नाही. तरी मागून बघावा. "बँकेने लोन दिलंय म्हणजे सगळं क्लिअर" हे पुण्यात फार ऐकू येतं. त्यावर अवलंबून राहू नका. पन्नास-साठ लाखांच्या व्यवहारात स्वतःच्या वकिलाला काही हजार द्यायला हात आखडू नये.

नव्या मोठ्या प्रकल्पात बँकेने आधीच कागद तपासून प्रकल्पाला मान्यता दिलेली असते, त्यामुळे काम लवकर होतं. एकाही राष्ट्रीयीकृत बँकेची मान्यता नसलेला आणि एकाच फायनान्स कंपनीचा स्टॉल साइटवर लावलेला प्रकल्प असेल, तर का ते विचारा. शिवाय अनेकदा बिल्डरने जमीन किंवा प्रकल्प गहाण ठेवून कर्ज घेतलेलं असतं. तसं असेल तर तुमच्या फ्लॅटपुरतं त्या संस्थेचं ना हरकत पत्र हवंच.

शहराच्या कडेला गोष्ट गुंतागुंतीची होते. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. या पट्ट्यात कुठे जुनी ग्रामपंचायतीची परवानगी दाखवतात, कुठे पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची), कुठे महापालिकेची. एक-दोन गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या चार-पाच मजली इमारतींत फ्लॅट १०-१५ लाखांनी स्वस्त मिळतो, सातबाऱ्यावर दहा-बारा नावं एकत्र असतात, आणि करार नोटरीचा असतो. बँका तिथे हात लावत नाहीत. मग "आमच्याकडे अमुक पतसंस्था करून देते" असं उत्तर येतं. बँकेने नाही म्हटलं हीच तुम्हाला फुकट मिळालेली सगळ्यात मोलाची माहिती आहे.

जुना फ्लॅट, म्हणजे रिसेल, घेत असाल तर प्रश्न वेगळे. कोथरूड, सिंहगड रोड, बिबवेवाडीला तीस वर्षांपूर्वीच्या इमारतीतला फ्लॅट दोन-तीनदा हात बदललेला असतो. बँकेला ती सगळी साखळी हवी असते. पहिल्या मालकाचा बिल्डरशी झालेला मूळ करार, त्यानंतरचा प्रत्येक करार, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), नोंदणीच्या पावत्या. मधला एक मूळ करार हरवला असेल तर पोलिसात तक्रार, पेपरात जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढं सगळं करावं लागतं. ते विकणाऱ्याने करायचं आणि टोकन देण्याआधी करायचं. पुण्यात आणखी एक बघावं लागतं: इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीचं ना हरकत. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर संपूर्ण इमारतीचं डीड ऑफ डिक्लरेशन (घोषणापत्र) आणि त्या फ्लॅटचं स्वतःचं डीड ऑफ अपार्टमेंट (मालकीचा दस्त). अनेक इमारतींत हे शेवटचं डीड करायचं राहूनच गेलेलं असतं.

व्हॅल्युअर टेप घेऊन येतो तेव्हा टेरेस बंद करून केलेली "स्टडी रूम" मंजूर नकाशात शोधतो. ती तिथे नसते. विकणारा तिचे पैसे मागतो, बँक मोजत नाही. करारातली किंमत ७० लाख आणि बँकेचं मूल्यांकन ६५ लाख आलं तर कर्ज ६५ च्या हिशोबाने, ५२ लाख. ५६ धरून चाललेल्या माणसाला चार लाख अचानक कमी पडतात. म्हणून विसार पावतीत, म्हणजे टोकन देताना करतात त्या कागदात, "कर्ज मंजूर न झाल्यास किंवा कमी मंजूर झाल्यास रक्कम परत" असं एक वाक्य घालून घ्या. विकणारा कुरकुर करतो, पण सही करतो.

"थोडे कॅश द्या" म्हणणारे अजूनही भेटतात. करारात किंमत कमी दिसली की कर्जही कमी होतं, हे एक. आणि घरजमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेण्याला आयकर कायद्याने बंदी आहे, हे दुसरं.

सहीच्या टेबलावर

मंजुरीपत्र आलं की घाईने सह्या होतात, कारण तोवर सगळेच दमलेले असतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जासोबत एक मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे. त्याला केएफएस म्हणतात. व्याजाबरोबर सगळी शुल्कं मिसळून वर्षाचा खरा दर किती पडतो तो, म्हणजे एपीआर, त्यात लिहिलेला असतो. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करायची. हे पत्रक ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत द्यायचं असा नियम आहे, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. आणि त्यात नसलेलं शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

पत्रकात एखादी ओळ विम्याची असते. संवाद बहुधा असा होतो:

"सर, लोन प्रोटेक्शन कंपल्सरी आहे."

"कोणत्या नियमाने?"

"म्हणजे... सगळेच घेतात सर. प्रीमियम लोनमध्येच ॲड होतो, तुम्हाला काही भरायचं नाही."

भरायचं असतं. दीड लाखाचा एकरकमी प्रीमियम कर्जात मिसळला की २० वर्षांत त्याचे ३ लाख १२ हजार होतात. घरातला कमावता माणूस गेला तर कर्जाचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि विमा हवाच. पण विशिष्ट कंपनीचाच घ्या अशी सक्ती बँक करू शकत नाही. साधा टर्म इन्शुरन्स बाहेरून, स्वतः निवडून घेतलेला बहुतेकदा स्वस्त पडतो आणि कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तरी चालू राहतो.

बांधकाम चालू असेल तर बँक स्लॅब पडतील तसे पैसे सोडते. तोवर सोडलेल्या रकमेवर फक्त व्याज भरायचं, त्याला प्री-ईएमआय म्हणतात. २० लाख सोडले असतील तर महिन्याला १४,१६७. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. झेपत असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण हप्ता सुरू करायला सांगा. व्याज पैसे प्रत्यक्ष तुमच्यासाठी सोडल्याच्या दिवसापासून लागायला हवं, मंजुरीच्या नव्हे.

कराच्या सवलतीवर फार भिस्त ठेवू नका. स्वतः राहत्या घराच्या व्याजावरची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत असाल तर ती नाही, आणि एजंट मात्र अजून जुनाच हिशोब सांगतात. या एजंटचं कमिशन बँक देते, तुम्हाला तो फुकट पडतो. धावपळ खरोखर वाचवतो. पण तो ज्या बँकेचं नाव आग्रहाने घेतो तिथे त्याला जास्त मिळत असेल, एवढं लक्षात असू द्यावं.

मूळ कागद बँकेत जमा करताना काय काय दिलं त्याची यादी बँकेच्या शिक्क्यासह घ्यायची, प्रत्येक कागदाची पानं मोजून. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत हे कागद परत देणं आणि बोजा उतरवणं १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये भरपाई मिळते. यादीत नसलेला कागद दिलाच होता, हे वीस वर्षांनी सिद्ध करणं अवघड आहे. तेव्हा ती यादी आणि केएफएस दोन्ही स्कॅन करून घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठवून ठेवा.